लेक सात वर्षांची, घरीच शिकते. व्याकरण कधी सुरू करू?

नाशिकची सून, कोल्हापूर

नमस्कार. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. लेकीला दिवाळीत सात पूर्ण झाली. दोन वर्षं झाली, ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. हा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत शिफ्टमध्ये असतात, त्यामुळे दिवसभर लेक, मी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, "शाहू महाराजांनी १९१७ साली शिक्षण सक्तीचं केलं, पोरं शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला रुपया दंड लावला, आणि आमच्याच घरात पोरगी शाळेबाहेर." त्यांच्या बोलण्यात तळमळ असते, म्हणून मी उलट उत्तर देत नाही, पण ते वाक्य दिवसभर मनात राहतं.

वाचनाची अडचण नाही. करवीर नगर वाचन मंदिरातून आठवड्याला दोन पुस्तकं आणतो, एक ती वाचते, एक मी वाचून दाखवते. पाढे पंधरापर्यंत झालेत. प्रश्न आहे व्याकरणाचा.

डिसेंबरात पुतण्या आला होता, दुसरीत आहे. त्याला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, सगळ्याच्या व्याख्या पाठ. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात मी जुन्या कॅलेंडरच्या मागं मोठा तक्ता केला आणि रोज सकाळी अर्धा तास व्याकरण सुरू केलं. "नाम म्हणजे काय?" विचारलं की लेक स्वतःचं नाव सांगायची. "पळणे हे नाम की क्रियापद?" यावर ती माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधायची. तीन आठवड्यांनी ती तक्ता काढला की पोट दुखतंय म्हणायला लागली.

हे इथपर्यंतच असतं तर मी बंद करून मोकळी झाले असते. पण आणखी एक गोष्ट घडली. माझं माहेर नाशिकचं, मी "मी आले, मी जाते" म्हणते. सासूबाई इथल्याच. त्या "मी आलो, मी जातो" म्हणतात, इथल्या कितीतरी बायका म्हणतात तसं. लेक दोन्ही बोलते, समोर कोण आहे त्यावर. तर संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका बसलेल्या, सासूबाई आतून म्हणाल्या, "थांबा, मी आलो." लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "आज्जी, चुकलं. मी आले म्हण. तू बाई हाईस, स्त्रीलिंग." सगळ्या हसल्या. सासूबाई पण हसल्या, पण नंतर संध्याकाळभर फारसं बोलल्या नाहीत. स्त्रीलिंग हा शब्द तिला मीच शिकवला होता.

तेव्हापासून दुसरंही एक दिसतंय. ती आजीबरोबर रंकाळ्यावर जाते, आणि नंदीची गोष्ट तिची फार आवडती. आधी ती कुणालाही धरून सांगायची: "त्यो नंदी हाय न्हवं, त्यो रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. गहू तांदळापरास मोठा असतोय, म्हणून त्यो थोडा थोडा पुढं चाललाय. रंकाळ्यापाशी पोचला की जग बुडतंय!" आता सांगताना मध्येच थांबते आणि विचारते, "आई, बरोबर हाय का?" बरोबर "आहे" का, असं म्हणून पुन्हा अडखळते.

मी घाई केली का? व्याकरण नक्की कितव्या वर्षी घ्यायचं? आणि आता जे झालंय ते कसं निस्तरू?

कसबा बावडा, दोन मुलांचा बाबा

ताई, आमची दोन्ही मुलं घरीच शिकली. थोरल्याला नऊ पूर्ण झाल्यावर व्याकरण घेतलं. रोज वीस मिनिटं, चार महिने. नाम ते उभयान्वयी अव्यय, काळ, लिंग, वचन सगळं झालं. धाकटीला शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून सातव्याच वर्षी सुरू केलं होतं, तिला तेवढंच शिकायला दीड वर्ष लागलं आणि शेवटी नवव्या वर्षीच खरं कळलं. त्यामुळे घाईचा फायदा मला तरी दिसला नाही.

परीक्षेची काळजी असेल तर एवढं सांगतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत, आणि दहावीला बसायला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. पण अकरा-बारापर्यंत नुसतं सोडूनही देऊ नका. इंग्रजी, संस्कृत, हिंदी, पुढं कुठलीही भाषा शिकताना कर्ता-कर्म-क्रियापद माहीत असलं की निम्मं काम होतं. थोरल्याचं इंग्रजी त्यामुळंच सुधारलं.

निवृत्त बाई, राधानगरी तालुका

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवली, म्हणून अधिकारानं लिहिते, राग मानू नकोस.

आधी तुझ्या लेकीची नंदीची गोष्ट परत वाच. तू ती आम्हाला अडचण म्हणून सांगितलीस. मी व्याकरणाची वही तपासावी तशी वाचली. "गहू" म्हणाली, पण "गहूएवढा" म्हणाली नाही, "गव्हाएवढा" म्हणाली. तांदूळचं "तांदळाएवढा" केलं. रंकाळाचं "रंकाळ्यापाशी". शब्दाला पुढं काही जोडायचं झालं की तो आधी रूप बदलतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. तीन शब्द, तीन वेगळ्या तऱ्हेचे बदल, आणि सात वर्षांच्या पोरीनं एकही चुकवला नाही. मोठेपणी मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला याच जागी महिने लागतात. तुझ्या लेकीला व्याकरण येत नाही असं नाही. तिला व्याकरणातली नावं माहीत नाहीत, एवढंच.

ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तिसरं आहे शुद्धलेखन. शाळांत या तिन्हींची खिचडी होते, मीही कितीतरी वर्षं केली. बोलणं कानानं येतं. ते तिला आलंय. शुद्धलेखन डोळ्यानं आणि हातानं येतं, ते आत्तापासून घे. रोज चांगल्या पुस्तकातल्या दोन ओळी बघून लिहायच्या, आठवड्यातून एकदा त्याच ओळींचं श्रुतलेखन. नियम सांगू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली आणखी चार, एकूण अठरा. ते मोठ्यांसाठी आहेत. पोरीला फक्त "फूल" आणि "फुलाला", "मूल" आणि "मुलाला" शेजारी शेजारी लिहू दे. पंचवीस-तीस जोड्या हाताखालून गेल्या की एक दिवस तीच म्हणेल, "पुढं काही लागलं की पहिला ऱ्हस्व होतो." तिनं शोधलेला नियम तिला जन्मभर पुरेल.

आणि नावं, म्हणजे नाम-सर्वनाम, ती कधी? मी वय सांगणार नाही, खूण सांगते. एकदा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर घेऊन जा, तिथं म्हशी उभ्या असतात. तिला म्हण, "बघ, म्हैस बसला." पोर तयार नसेल तर म्हणेल, "बसली नाही, उभी हाय." म्हणजे ती म्हशीकडे बघते आहे, वाक्याकडे नाही. तयार झालेलं पोर हसेल आणि म्हणेल, "बसला काय, बसली!" म्हशीवरची नजर काढून वाक्यावर ठेवता आली की व्याकरणाचा पाठ सुरू करावा. माझ्या वर्गात बहुतेक पोरांना हे तिसरी-चौथीत, म्हणजे नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास जमायचं. काहींना आठव्यात. त्या आधी व्याख्या दिल्या की पोरं तुझ्या लेकीसारखीच बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखतात. ते मी शेकड्यांनी बघितलंय.

सुरू करशील तेव्हा नामापासून करू नकोस. वाक्यापासून कर, आणि वाक्यात क्रियापदापासून. ताटात लाडू, पोळी, केळं ठेव. मी लाडू खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी केळं खाल्लं. खाणारी तीच, मग शब्द कुणामुळे बदलला? यात लिंग आलं, कर्म आलं, कर्मणी प्रयोग आला, आणि एकाही शब्दाची व्याख्या सांगितलेली नाही. विभक्तीचा तक्ता तर अजून चार वर्षं कपाटात राहू दे. तो साचा संस्कृतचा आहे. मराठीत द्वितीयेलाही स, ला, ते आणि चतुर्थीलाही स, ला, ते. "आईला बघितलं" आणि "आईला दिलं" यात लहान पोराला काय फरक दिसणार? ते पाठ करतं आणि आपल्याला वाटतं, आलं.

आता सासूबाईंचं. "आम्ही आलो" हे बाप्यांनी म्हणायचं आणि बायकांनी पण, हो ना? पुस्तकातसुद्धा. तिथं कुणी स्त्रीलिंग विचारत नाही. तुझ्या सासूबाई "मी" लाही तेच लावतात, आणि कधीही विसरत नाहीत. त्यांचं वाक्य मोडकं नाही, त्यांच्या बोलीचा तो नियम आहे. "ती आलो" असं त्या चुकूनही म्हणणार नाहीत, कान देऊन ऐक. लेकीला एवढंच सांग, की आजीची मराठी अशी, आईची अशी, पुस्तकातली अशी, आणि तुला तिन्ही येतात. ती समोरचं माणूस बघून बोली बदलते असं तूच लिहिलं आहेस. ते कसब आहे, ते तोडू नकोस.

हे एवढ्या कळकळीनं का लिहिते, ते सांगते. ऊसतोडीच्या हंगामात आमच्या शाळेत बीडकडची पोरं यायची. एक मुलगा तिसरीत बसवला. फार गोष्टी सांगायचा, बैलाच्या, कोयत्याच्या, रात्रीच्या गाडीच्या. "म्या" म्हणायचा. मी प्रत्येक वेळी थांबवून "मी" म्हणायला लावलं. चांगल्या हेतूनं. जानेवारीत तो बोलायचा थांबला. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, गाड्या परत गेल्या, तोवर त्यानं माझ्याशी हो-नाही एवढंच बोलणं ठेवलं होतं. त्यानंतर मी मुलाला बोलता बोलता कधी अडवलं नाही. तुझी लेक अजून विचारते आहे, "बरोबर हाय का?" म्हणजे अजून बोलते आहे. तक्ता उतरव, आजच.

शिवाजी पेठ, संस्कृतप्रेमी काका

बाईंचा अनुभव मोठा आहे, तरी माझं मत थोडं वेगळं मांडतो. लहानपणी पाठांतराची ताकद असते, ती वाया घालवू नये. मला सहाव्या वर्षी आजोबांनी "रामः रामौ रामाः" म्हणायला लावलं. अर्थ काही कळत नव्हता. पण पंधराव्या वर्षी संस्कृत घेतलं तेव्हा सगळं आधीच तोंडात होतं, आणि मला जो आनंद झाला तो आजही आठवतो. मुलीला समजत नाही म्हणून देऊच नये, हे मला पटत नाही. गाणं म्हणून, लयीत, संध्याकाळी परवचा म्हणताना दहा मिनिटं द्यावं.

निवृत्त बाई, राधानगरी तालुका

काका, लयीतलं पाठांतर जरूर द्यावं, त्याला माझा विरोध नाही. तुमच्या आजोबांनी तुम्हाला रूपं दिली, व्याख्या दिली नाही, आणि "आता यातलं कर्म ओळख" असं विचारलं नाही. गाण्याची परीक्षा नसते. या लेकीचं पोट दुखलं ते परीक्षेनं.

भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी

बाईंनी गव्हाचं जे दाखवलं त्याला जोडून एक खेळ सांगते. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं, आणि मग तसे दोन दाखवून विचारलं, आता हे काय? शब्द मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी अनेकवचन बरोबर केलं. म्हणजे मुलं ऐकलेले शब्द नुसते साठवत नाहीत, नियम काढतात.

मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा जास्त रंगतो, कारण आपल्याकडे तीन लिंगं. मी माझ्या भाचीबरोबर करते. मातीचा एक गोळा: "हा टुबका." दोन केले की ती म्हणते "टुबके". "ही टुबकी" म्हटलं की दोन "टुबक्या". "हे टुबकं" म्हटलं की दोन "टुबकी". मग, "याला भूक लागलीय, कुणाला?" "टुबक्याला!" ती साडेपाच वर्षांची आहे.

लहान मुलं "मी चित्र करलं" म्हणतात ना, ते पण असंच. घरात कुणी "करलं" म्हणत नाही. "बसलं, हसलं, पुसलं" वरून मूल स्वतः नियम लावतं. "केलं" हा अपवाद नंतर येतो, न शिकवता.

एक निरीक्षण, सासूबाईंसाठी. शेजारच्या कानडीत "मी" बरोबरचं क्रियापद बाई आणि पुरुष दोघांनाही सारखंच असतं. त्यांना सांगून बघा, त्यांना आवडेल.

नाशिकची सून, कोल्हापूर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, बाईंचे विशेष.

तक्ता त्याच संध्याकाळी उतरवला. रात्री सासूबाईंजवळ बसून सांगितलं, की संक्रांतीला जे झालं ती चूक लेकीची नव्हती, माझी होती. त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं, तू शिकिवतीस ते चांगल्यासाठीच." मग मी "आम्ही आलो"चं सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा हळू म्हणून बघितलं. "आम्ही आलो. मी आलो." आणि म्हणाल्या, "व्हय की."

रविवारी पहाटे गंगावेशीत गेलो. मी "म्हैस बसला" म्हटलं. लेक म्हणाली, "कुठं बसलीय? उभी हाय, धार काढालेत." ताजं दूध पिऊन परत आलो. सासऱ्यांनाही सांगितलं, की अजून वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणजे नेमकं काय ते. ते गप्प ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून श्रुतलेखन मागून घेतलं. आता रोज चारला दोघं बसतात. परवा "पाऊस, पावसात" झालं.

टुबक्यांचा खेळ घरभर झालाय. मिस्टर रात्रपाळीवरून आले की दारातच "टुबक्यांना जेवण दिलं का?" विचारतात.

नंदीची गोष्ट अजून पहिल्यासारखी धो-धो येत नाही. पण गेल्या आठवड्यात मी एक वेगळं केलं. तिला म्हटलं, आजी सांगेल ती गोष्ट, तू लिहायची. आजी सांगते, ती रोज तीन-चार ओळी लिहिते, अडलं तर मी सांगते. सासूबाई लहानपणी माहेराहून जोतिबाला चालत गेल्या होत्या, ती गोष्ट चालू आहे. त्यात त्यांची आई त्यांना हाक मारते आणि त्या म्हणतात, मी आलो. लेकीनं पेन्सिल थांबवली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजी बोलली तसं लिही. तिनं लिहिलं.

बाई, एकच विचारायचं आहे. वहीत आजीच्या तोंडची वाक्यं येतात तिथं ती "हाय", "न्हवं", "आलो" असं ऐकू येईल तसं लिहिते, आणि मधली स्वतःची वाक्यं पुस्तकासारखी. हे मी तिला सांगितलेलं नाही. तसंच ठेवू ना?

निवृत्त बाई, राधानगरी तालुका

तसंच ठेव. आजीची वाक्यं कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात, हे वाचणाऱ्याला कसं कळणार, एवढं तिला विचार. ती काहीतरी खूण शोधेल. मग अवतरणचिन्ह दाखव.